मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले

जे लिहायला बसलो आहे ते मी आजवर कोणापाशी उच्चारलेले नाही. पत्नीपाशीही नाही. तिला जाऊन चार वर्षे झाली. तिच्या अखेरच्या आठवड्यात उशाशी बसलो असता ते एकदा ओठांपर्यंत आले होते – पण तिने पाणी मागितले, आणि मी पाणी दिले. रोज सकाळी देवासमोर बसतो, तेथे तरी बोललो का? नाही. तो जाणतोच, असे स्वतःला सांगून तेथेही गप्प राहिलो. जाणणाऱ्यासमोरही आपल्या तोंडाने सांगावे लागते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही.

तुम्ही मला ओळखत नाही हे बरे आहे. ओळखणारी माणसे माझे ऐकतील, आणि मग – कसे सांगू – ऐकूनही विश्वास ठेवणार नाहीत. या गोष्टीत मला सर्वांत अधिक भीती वाटते ती याचीच.

ठाण्याला नौपाड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या वर, दोन खोल्या आणि एक व्हरांडा एवढ्या जागेत आमचे विनामूल्य कायदा सल्ला केंद्र आहे. ज्यांना वकील करणे परवडत नाही त्यांची प्रकरणे तेथे पाहिली जातात. कोणते प्रकरण हाती घ्यायचे ते पाच जणांचे विश्वस्त मंडळ ठरवते. मी अठरा वर्षे त्या मंडळाचा कार्यवाह होतो. कायद्याचे मला ज्ञान नाही. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, एवढेच. मंडळात एक तरी माणूस असा असावा की ज्याच्या शब्दाबद्दल कोणाला शंका येणार नाही, म्हणून मला घेतले होते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिले आहे.

आमची एक पद्धत होती. सभा महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी चार वाजता भरे. ज्याचे प्रकरण असेल तो माणूस व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. निर्णय झाला की मी उठून बाहेर जाई आणि तो स्वतः सांगे. प्रकरण घेतले असेल तर माझ्याजवळच्या चांदीच्या डबीतली खडीसाखर त्याच्या हातावर ठेवी. नकार असेल तर हात जोडी. साखर देत नसे. नाकारलेल्या माणसाच्या हातावर गोड ठेवणे मला क्रूर वाटे.

मंडळातल्या कांबळेसाहेबांना या डबीची गंमत वाटे. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बौद्ध, वाचन दांडगे, आणि स्मरणशक्ती अशी की जुन्या ठाण्यातल्या निम्म्या घरांचे टेलिफोन क्रमांक त्यांना पाठ. म्हणत, “गुरुजी, केंद्र चालतं घटनेवर आणि निकाल मात्र तुमच्या देवघरातून,” आणि स्वतःच हात पुढे करून एक खडा मागून घेत. माझ्या इतिवृत्तांवरही त्यांची टीका असे. श्राद्धाच्या संकल्पासारखी ती लांबलचक असतात, देश, काळ, नदी सगळे येते, फक्त निर्णय शोधावा लागतो, असे ते म्हणत. सगळे हसत. मीही.

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झाले, काय ठरले, त्याची नोंद. सभेत मी कागदावर टाचण करी आणि पुढल्या सभेच्या दिवशी सकाळी, स्नानानंतर, ते वहीत उतरवी. दुपारी सभेत वाचून दाखवी. मंडळी माना डोलावीत. मग मी खाली लिही – वाचून कायम केले – आणि अध्यक्ष डॉक्टर पेंडसेबाई सही करीत. कायम केले, हे शब्द तुम्ही कधी नीट ऐकले आहेत का? मी शेकडो वेळा लिहिले. ते काय करतात हे मला एका दुपारपर्यंत माहीत नव्हते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पितृपंधरवड्यातला अखेरचा शनिवार होता. आंबिवलीच्या सुमनबाई आल्या होत्या. वय चाळिशीच्या आत, नवरा वारलेला, एक शाळकरी मुलगी; कल्याणला एका पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटत. चाळीतली त्यांची एकच खोली. ती आपली आहे, असा दिराने दावा केला होता आणि खालच्या कोर्टात तो जिंकला होता. अपील करायला मुदतीचे एकोणीस दिवस उरले होते. कागद सगळे होते – एका पिशवीत, पोळपाटाच्या आकाराच्या एका जुन्या पुठ्ठ्यावर नीट बांधलेले. चर्चेला दहा मिनिटेही लागली नाहीत. घ्यावे, असे सर्वांनी म्हटले. कांबळेसाहेब तर म्हणाले की असल्या कामासाठी नाही तर आपण बसलोय कशाला.

मी बाहेर गेलो. बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणालो, “तुमचं अपील आम्ही घेतलं आहे. आता निश्चिंत राहा. पुढल्या महिन्यात याच शनिवारी या.” त्यांनी एक खडा तोंडात टाकला आणि बाकीचे रुमालाच्या टोकाला बांधले. ते बांधताना त्यांची बोटे कशी हलत होती, ते मला आजही दिसते – किंवा दिसते असे वाटते. त्याविषयी पुढे सांगतो.

आमच्या वकील मानसीताई तापाने आजारी होत्या, सभेला नव्हत्या. मंडळाचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय त्यांनी अपील दाखल करू नये, असा नियम होता. तो मीच आग्रहाने करून घेतला होता, गोंधळ नको म्हणून. पेंडसेबाईंनी तेथेच पत्रावर सही केली, आणि ते टेंभी नाक्याजवळ मानसीताईंच्या घरी पोहोचवायचे मी आपणहून अंगावर घेतले.

त्या संध्याकाळी टेंभी नाक्याकडचा रस्ता देवीच्या मंडपासाठी अडवला होता. रिक्षावाला वळसा घालायला तयार होईना. उद्या देऊ, म्हटले. रविवारी सर्वपित्री अमावास्या, घरी श्राद्ध. सोमवारी घटस्थापना, आणि माझे नऊ दिवसांचे अनुष्ठान सुरू. पत्र हरवू नये, रोज डोळ्यांसमोर राहावे, म्हणून ते मी देवीच्या पोथीत ठेवले, टाचणासकट. पोथी सुट्या पानांची. पत्र ठेवले शेवटच्या दोन पानांच्या मध्ये.

आता माझी चूक नीट समजून घ्या, कारण ती माझ्यासारख्याच्याच हातून होऊ शकते. त्या पोथीची शेवटची पाने मला लहानपणापासून मुखोद्गत आहेत. तेथवर आलो की मी डोळे मिटतो आणि म्हणतो. पान उलटीत नाही. नऊ दिवस रोज मी त्या पत्रापासून चार बोटांवर येऊन थांबलो, डोळे मिटले, आणि फार सुंदर स्वरात पाठ पूर्ण केला. दसऱ्याला पोथी बासनात बांधली. मग कोकणात कुलदेवीला गेलो. मन अतिशय प्रसन्न होते.

पुढल्या सभेच्या दिवशी सकाळी इतिवृत्त लिहायला बसलो, टाचण सापडेना, तेव्हा पोथी आठवली. बासन सोडले. पत्र होते तेथेच होते. मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

इथवरची चूक विसराळूपणाची. तिच्यासाठी मी कागद पुढे ओढला नसता. दिव्यात तेल होते, फुले ताजी होती, उदबत्ती अर्धी जळली होती, आणि मी त्या देवघरात, पाटावर बसून, वहीत लिहिले – आंबिवली येथील अर्जदार बाईंचे प्रकरण कागदपत्रांच्या पूर्ततेअभावी तहकूब ठेवण्यात आले. अक्षर जराही हलले नाही. मी वाट पाहिली, काही होईल का म्हणून. काहीही झाले नाही. उदबत्ती जळत राहिली.

दुपारी मी ते वाचून दाखवले. माना डोलल्या. फक्त कांबळेसाहेबांनी मान वर केली आणि विचारले, “गुरुजी, ते आंबिवलीचं आपण घेतलं होतं ना?”

टाचण माझ्या खिशात होते. त्यावर ‘घेतले’ असे लिहिलेले होते. मी म्हणालो की टाचणात तसे नाही.

पेंडसेबाई म्हणाल्या, गुरुजींनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार. कांबळेसाहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. जुन्या ठाण्याचे क्रमांक ज्याला पाठ, तो माणूस. मग हसून म्हणाले, “मग माझंच काहीतरी होतंय.” मी लिहिले – वाचून कायम केले. पेंडसेबाईंनी सही केली. वरचा पंखा फिरत होता, आणि मला असे स्पष्ट वाटले की खोलीतले काहीतरी हलकेच आपल्या जागेवरून सरकले आहे – एखादे कपाट कोणी न सरकवता सरकावे तसे.

मग मानसीताई बोलल्या. त्या बऱ्या होऊन आल्या होत्या. ती बाई बाहेर बसली आहे, म्हणाल्या. मुदत तर गेली, पण उशीर आपल्याकडून झाला असेल तर मार्ग आहे. ज्याच्याकडून राहिले त्याने तसे प्रतिज्ञापत्र करायचे, म्हणजे विलंब माफ होण्याची पुष्कळ आशा असते, मी सोमवारीच अर्ज टाकते. आणि आम्हा पाचही जणांकडे पाहून त्यांनी सरळ विचारले, “कोणाकडून राहिलंय का? चिडायला नाही विचारत. फक्त सही लागेल.”

फक्त सही. एका बाईची खोली एका सहीवर उभी होती, आणि ती सही माझ्या हातात होती. तुम्ही म्हणाल, मग? मग काय झाले? काही नाही. मी वही मिटली.

मानसीताईंनी बाईंना आत बोलावले. सुमनबाई दारातच उभ्या राहिल्या. इतिवृत्तात काय आहे ते त्यांना सांगितले गेले. त्यांना आधी समजलेच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही.

“गुरुजी, तुम्हीच बाहेर येऊन बोललात ना, घेतलं म्हणून? माझ्या हातावर खडीसाखर ठेवलीत. मी पोरीला पण नेली त्यातली.”

मी म्हणालो, “बाई, तुमचा समज झाला असेल. खडीसाखर मी येणाऱ्या सगळ्यांनाच देतो.”

कांबळेसाहेबांना ठाऊक होते की मी सगळ्यांना देत नाही. त्यांनीच त्यावरून मला किती वेळा चिडवले होते. त्यांनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि – मी हे पाहिले – त्यांच्या चेहऱ्यावर एक शंका आली, माझ्याविषयी नव्हे, स्वतःविषयी. उघडलेले तोंड त्यांनी मिटले.

तेवढ्यात पेंडसेबाई अगदी मायेने म्हणाल्या, “अहो, मीच नव्हते का म्हणाले तुम्हाला, रेशनकार्डाची मूळ प्रत आणा म्हणून? या इथंच, खिडकीपाशी उभ्या होतात तुम्ही.”

खोटे मी लिहिले होते. रेशनकार्ड मी लिहिले नव्हते. बाई त्या दिवशी खोलीत आल्याच नव्हत्या, खिडकीपाशी उभ्या राहणे तर दूरच. पेंडसेबाई खोटे बोलत नव्हत्या. त्या आठवत होत्या.

मानसीताईंनी तरीही अर्ज केला. पण उशिराचे कारण म्हणून मांडायला त्यांच्यापाशी काही नव्हते. तो टिकला नाही. माघ महिन्यात सुमनबाईंनी खोली सोडली आणि मुलीला घेऊन टिटवाळ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. हे मला मानसीताईंनी जाता जाता सांगितले. मी ‘अरेरे’ म्हणालो.

यानंतरचे सांगणे अधिक कठीण आहे, कारण त्यात मी काही केले नाही. ते आपोआप होत गेले.

एक मात्र केले. पुढल्या सभेपासून खडीसाखर मी खरोखरच सगळ्यांना देऊ लागलो. ज्यांना नकार मिळाला त्यांच्याही हातावर ठेवू लागलो. ती माणसे हातातल्या साखरेकडे आणि माझ्याकडे पाहत, कशाबद्दल हे न कळून. वर्षभरातच केंद्रात सगळे म्हणू लागले की गुरुजींची ही पद्धत पहिल्यापासूनची, कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पहिल्यापासूनची! मी कोणाला दुरुस्त केले नाही. कोणाला करणार होतो?

पेंडसेबाईंची आठवण दरवर्षी वाढत गेली. नव्याने येणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या ते प्रकरण उदाहरण म्हणून सांगत – कागद वेळेवर आणले नाहीत तर काय होते ते पाहा. त्यात आता बाईंच्या साडीचा रंग होता, बाहेर वाजणारा एक बँड होता, आणि ‘आणते उद्या’ असे बाईंनी दिलेले उत्तर होते. पितृपंधरवड्यात बँड कोठला? पण मंडळातले उरलेले दोघे मान डोलावीत. त्यांनाही तो ऐकू आला होता.

कांबळेसाहेबांनी खिशात एक छोटी वही बाळगायला सुरुवात केली. नौपाड्यात भाजी घेताना भेटले तेव्हा त्यांनी ती मला दाखवली, थोडी चेष्टा केल्यासारखी. पहिल्या पानावर लिहिले होते – आपली आठवण चुकते, सर्व लिहून ठेवावे. खाली त्या दिवशीचे भाव, दूधवाल्याचा खाडा, मी भेटलो त्याची वेळ. दोन वर्षांनी त्यांनी मंडळाचा राजीनामा दिला. स्मरण भरवशाचे राहिले नाही, असे कारण लिहिले. मी ते वाचून दाखवले, खेद नोंदवला, कायम केले. ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला की शेवटच्या दिवसापर्यंत बाबांना सगळे टेलिफोन क्रमांक बिनचूक येत होते. मग ते एवढे का घाबरत, काका, कळलंच नाही कधी. मी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. हाच हात.

आणि सुमनबाई? गेल्या वर्षी कल्याणला एका लग्नात त्या मला भेटल्या. जेवणाच्या मांडवात पोळ्या लाटणाऱ्या बायकांमध्ये होत्या. मी चुकवून जाणार होतो. त्यांनीच हाक मारली. पिठाचे हात पदराला पुसून वाकल्या आणि पाया पडल्या. मुलगी नर्सिंगला आहे, म्हणाल्या. मग, मी काही विचारले नसता, म्हणाल्या, “माझंच चुकलं तेव्हा गुरुजी. रेशनकार्ड आणायचं राहिलं. तुम्ही तर साखर देऊन धीर दिला होता.”

मी उभा होतो. आजूबाजूला पंगती बसत होत्या. ज्या दुपारी या बाईंना मी निश्चिंत राहा म्हणालो होतो, ती दुपार आता जगात कोठेही उरली नव्हती, माझ्याखेरीज. त्या क्षणी सांगता आले असते. नाही का? त्या समोर होत्या. मी म्हणालो, “असू द्या, असू द्या.” मी त्यांना क्षमा केली! माझ्या तोंडून क्षमेचे शब्द निघाले, आणि त्यांनी ते डोळे मिटून स्वीकारले.

त्यानंतर माझ्यातही ते सुरू झाले. पहाटे पाठाला बसलो की मला ती सभा दिसते, आणि खिडकीपाशी बाई उभ्या असतात. पेंडसेबाई रेशनकार्ड मागत असतात. साडी हिरवी असते. दुसरी दुपार – रुमालाचे टोक, बोटे – ती मला आठवावी लागते. ही न बोलावता येते. आणि दूर कोठेतरी बँड वाजत असतो.

या वर्षी मी कार्यवाहपद सोडले. इतिवृत्ताच्या वह्या आता मानसीताईंकडे जायच्या आहेत. त्या बांधण्यापूर्वी मी ते पान काढून वाचले. स्वच्छ अक्षर, सही, एकही खाडाखोड नाही. कोणीही त्यावर विश्वास ठेवील. मग पोथी सोडली. त्या सभेनंतर पत्र आणि टाचण मी पुन्हा तेथेच ठेवले होते, नऊ वर्षे. का, ते मला विचारू नका. शेवटची दोन पाने वेगळी केली. मध्ये काही नव्हते.

आणि तुम्हाला सांगतो – जे मनात आधी आले ते भय नव्हते. दुःख नव्हते. बरे वाटले. म्हणजे तसे काही नव्हतेच, असे वाटले; लिहिले तेच झाले असणार. किती वेळ असा बसलो होतो, ठाऊक नाही. छातीवरचे नऊ वर्षांचे ओझे उतरले होते, आणि ते मी उतरू दिले. माझा सर्वांत मोठा अपराध हाच, त्या दुपारपेक्षाही मोठा. मग पोथी उचलताना पत्र पाटाखाली दिसले. बासन सोडताना निसटले असावे. घडीवर पिवळा डाग पडला आहे. सही पेंडसेबाईंचीच आहे. टाचण आत आहे.

ते मी पुन्हा पोथीत ठेवले नाही. इतिवृत्ताच्या वहीत, त्या पानाला टाचून ठेवले आहे, आणि हे कागदही तेथेच ठेवणार आहे. सकाळी वह्या मानसीताईंकडे जातील; त्या मला ओळखतात, म्हणून पत्र सोबत. आणखी एकच नोंद राहिली होती. ती येथे, तारखेच्या क्रमात नसली तरी, करीत आहे. ती वाचून कोणी कायम करावी असे म्हणणे नाही.

पितृपंधरवड्यातील शनिवार, दुपारी चार. उपस्थित पाच. आंबिवली येथील सुमनबाई यांचे प्रकरण चर्चेस आले. कागदपत्रे पूर्ण होती. अपील दाखल करावे असे सर्वानुमते ठरले. पत्र पोहोचवण्याचे काम कार्यवाहांनी स्वतःकडे घेतले. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना निर्णय सांगण्यात आला. खडीसाखर त्या दिवशी एकट्या त्यांनाच दिली.